कोर्टरस्त्यावरचे चौदा निंब (आता बारा): काय करता येईल?

मुद्रांक शंभरचा | 6 मे, रात्री 9.40

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. क वर्ग नगरपरिषद, एक तहसील, एक कोर्ट, एक बसस्टँड. मी तहसीलसमोर अर्जनवीस म्हणून बसतो, बावीस वर्षं झाली. (आयडी जुना आहे. शंभरचा मुद्रांक पाचशेचा झाला, मी तोच राहिलो.) ऑफिस म्हणजे एक लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, एक पेटी आणि वर निंब. सकाळी दहाला टेबल कोर्टाच्या भिंतीशी, साडेबाराला बुंध्याला टेकून, चारनंतर नालीच्या काठावर. सावली सरकेल तसं टेबल सरकवायचं. या तीन जागी टेबलाच्या पायांनी मातीत खळगे पाडले होते, पाय आपोआप त्यात बसायचे.

आता ते खळगे नाहीत. दिवाळीनंतर रस्ता काँक्रीटचा झाला. दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉक बसवले, थेट बुंध्यापर्यंत. एका झाडाला तर ब्लॉक घासून बसवलेत, मधे बोट जात नाही. पूर्वेकडच्या नालीसाठी जेसीबी चालला तेव्हा मांडीएवढी मुळं बाहेर आली होती. मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, तर तो म्हणाला, "काका, झाड वर आहे ना, मुळं तर खालीच आहेत."

चैत्रात पालवी आली, पण चार झाडांना एकाच अंगाला. आणि एप्रिलच्या अवकाळीत दोन झाडं पडली. वादळ म्हणावं असं काही नव्हतंच, शेजारच्या टपरीवरची टिनं जागची हलली नाहीत. सकाळी जाऊन पाहिलं, तर नालीकडच्या अंगाला मुळंच नाहीत. करवतीनं कापल्यासारखा सपाट भाग.

आता बारा राहिली. 'धोकादायक झाडे' म्हणून सगळीच काढायची चर्चा आहे. बसस्टँडसमोरची झाडं आधीच गेली. तिथं मे महिन्यात माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी असतात. बघणाऱ्याला वाटेल तिकिटाची रांग आहे.

या बारांचं काय करता येईल? भावनिक प्रतिसाद नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत.

---

वऱ्हाडी ठेचा | 6 मे, रात्री 10.15

राजेहो, आमच्याकडं त याहून भारी काम झालं. झाडाले बुडापासून चुना-गेरू मारला, वर लायटिंग गुंडायली, खिये ठोकून वाढदिवसाचे बॅनर लावले. बुडाशी रोज कचरा जायते. अन् मंग सारे गोल उभे राहून इचारते, "कावून वायलं बाप्पा हे झाड?"

बाकी तुमचं टेबल सरकवनं आवडलं. आमचा चहावाला बी असाच सरकते. गिऱ्हाईक दुपारी जुन्या जागी जाऊन हाका मारून रायते.

---

फांदीबाज | 6 मे, रात्री 11.02

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. मुद्द्याचं लिहितो.

त्या माणसाचं "मुळं खालीच आहेत" हे सगळीकडे ऐकू येतं. झाडाचं अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. तुमच्याकडे काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा बारीक मुळं तशीही तुटतात. पावसाळ्यात ती फुगते, हवा कमी होते. झाड दरवर्षी हा तोटा भरून काढतं. त्यावर ब्लॉक आणि काँक्रीट आलं की पहिल्या पावसाचं पाणी आत जात नाही आणि हवाही जात नाही, मग तोटा भरून निघत नाही. असं झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षं घेतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं.

एका अंगाला पालवी म्हणजे त्या अंगाची मुळं शाबूत. नालीकडची फांदी सुकी असेल तर कारण समोरच आहे.

काय करायचं ते सांगतो. बुंध्याभोवती निदान एक मीटर ब्लॉक उचला, जमलं तर जास्त. खालची दाबलेली माती हाताने, काट्याने सैल करा, कुदळ घालू नका. थोडा मुरूम, शेणखत. वर पालापाचोळ्याचा वीतभर थर, पण बुंध्याला चिकटवून नाही. पाणी बुंध्याशी न घालता फांद्यांच्या घेराच्या आत, आठ-दहा दिवसांनी एकदा, पण सावकाश आणि भरपूर. रोजचं तांब्याभर पाणी वरच्या वरच उडून जातं.

आणि कृपा करून 'हलकं करू' म्हणून हिरव्या फांद्या छाटू नका. मुळं गेलेल्या झाडाला पानंच वाचवतात. वाळलेली फांदी काढा, तीही जिथं फांदी फुटते त्या फुगीर कॉलरच्या बाहेर कापून. आधी खालून अर्धा काप, मग वरून, म्हणजे साल ओरबाडली जात नाही. कापलेल्या जागी डांबर, रंग काही लावू नका. झाड जखम भरत नसतं, ते तिच्याभोवती भिंत बांधून पुढे वाढतं.

एक कटू गोष्ट. ज्याची नालीकडची जाड मुळं बुंध्यालगत कापली आहेत, ते झाड खरंच पडू शकतं. बारापैकी बारा वाचतील असं मी म्हणणार नाही.

---

किराणा दोन पिढ्या | 7 मे, सकाळी 7.20

मी त्याच रस्त्यावरचा दुकानदार. धागा काढणाऱ्यांना ओळखतो, रोज रामराम होतो. म्हणून दुसरी बाजूही येऊ द्या.

माझ्या दुकानासमोर दोन निंब. पावसाळ्यात बगळे बसतात. सकाळी शटर वर करायच्या आधी पायऱ्या धुवाव्या लागतात, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडलं की तो पलीकडच्या दुकानात. पानगळीत नाली तुंबते आणि पाणी माझ्या गोदामात. मागच्या एप्रिलमध्ये फांदी पडून माझ्या मोटरसायकलची टाकी चेपली. पैसे कोण देणार? झाडाची सावली सगळ्यांची, झाडाचा खर्च मात्र ज्याच्या दारात त्याचा. आणि रस्ता रुंद होऊ नये असं म्हणणाऱ्यांनी सोमवारच्या बाजारात ॲम्ब्युलन्स घेऊन यावं एकदा.

झाडं तोडा असं मी म्हणत नाही. पण आम्हाला खलनायक करू नका.

---

माजी शाखा अभियंता | 7 मे, सकाळी 9.05

@किराणा, बरोबर बोललात. आणि ज्यांचं चुकलं त्या लोकांत मी तीस वर्षं होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

रस्त्याच्या अंदाजपत्रकात झाड एकाच रूपात येतं: 'झाड तोडणे, मुळासकट काढणे', घेरानुसार दर. झाड वाचवण्याचा आयटमच नसतो. आयटम नाही म्हणजे पैसा नाही, पैसा नाही म्हणजे ठेकेदाराने करायचं कारण नाही. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, कागदात ते यायला हवं. झाडाभोवती चौकोन मोकळा ठेवून कडेला कर्ब बांधणं याला खर्च काही मोठा नाही. नाली झाडाजवळ थोडी वळवता येते, किंवा तेवढ्या पट्ट्यात मजूर लावून हाताने खोदता येतं, जाड मुळाखालून पाइप घालता येतो. हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी मागायचं असतं. आपल्याकडे लोक जेसीबी आल्यावर जागे होतात. (आम्हीही त्याच वेळी जागे व्हायचो, ते वेगळं.)

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अर्जात हा दाखला द्या. तो आदेश दिल्लीपुरता असला तरी वाचणारा जरा सावरून बसतो.

आणि पेव्हर ब्लॉक उचलायला काहीही लागत नाही. खाली रेतीचाच थर असतो. एक पहार, दोन माणसं, अर्धा तास. अर्थात आधी लेखी परवानगी.

---

पेठी पुणेकर | 7 मे, सकाळी 11.30

फार वाईट वाटलं वाचून. ही झाडं पुनर्रोपित करता येणार नाहीत का? आणि गावाबाहेर मियावाकी पद्धतीने दाट जंगल केलं तर भरपाई होईल.

---

फांदीबाज | 7 मे, दुपारी 12.10

@पेठी, पन्नास-साठ वर्षांचा निंब उचलला की मुळांचा बराचसा भाग जागेवरच राहतो. आधीच निम्मी मुळं गेलेल्या झाडाचं ते ऑपरेशन नको. आणि गावाबाहेरच्या जंगलाची सावली तहसीलसमोरच्या रांगेवर पडत नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | 7 मे, दुपारी 12.14

नाही त काय. म्हातारी रेशनकार्ड घेऊन मियावाकीत जाऊन बसन काय?

---

सातबारा | 7 मे, रात्री 8.45

वकिली करतो, तालुक्याच्याच कोर्टात. कायद्याचं थोडक्यात.

नगरपरिषद हद्दीत 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' लागू आहे. लोकांना वाटतं हा मुंबई-पुण्याचा कायदा. तसं नाही, क वर्गालाही तो आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना आहे. तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात आणि खुद्द झाडावर नोटीस चिकटवावी लागते, लोकांना हरकत घेता येते. तुमच्या बारा झाडांवर नोटीस दिसते का? फोटो काढून ठेवा, नसेल तर नसल्याचा फोटो काढा, तारखेसकट.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या कायद्यात 'झाड तोडणे' म्हणजे फक्त बुडातून कापणं नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे त्यात येतं. बुंध्याशी कचरा पेटवणारा आणि विनापरवानगी मुळं छाटणारा यात बसू शकतो.

तिसरी. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची हेही त्याच दुरुस्तीतलं. पण वय सिद्ध कसं करणार? घोडं तिथं अडतं.

हे सगळं हद्दीच्या आत. वेशीबाहेर, ग्रामपंचायतीत, 1964 चा झाडे तोडण्याचा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, अंजन वगैरे ठरावीक झाडंच येतात. निंब नाही, वड-पिंपळही नाही. म्हणजे तुमच्या कोर्टरस्त्यावर निंबाला जे संरक्षण आहे, तेच तीन किलोमीटरवर नाही. मला हे कधीच पटलेलं नाही, पण आहे ते असं आहे.

---

बारीक पाऊस | 8 मे, सकाळी 10.00

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

खारपाण | 8 मे, रात्री 9.30

वाचवायची ती वाचवा, पण पडलेल्या दोघांच्या जागी काय लावणार? इथंच माती खाल्ली जाते. 2019 ला राज्यात 33 कोटींचं लक्ष्य होतं. आमच्या गावात त्या काळात लागलेलं जे जगलंय ते बहुतेक गुलमोहर, कारण रोपवाटिकेत स्वस्त आणि भराभर वाढतो. दिसायला देखणा. पण एप्रिल-मेमध्ये त्याला पानं किती असतात? फुलांखाली ऊनच असतं. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात आडवा.

आपल्याकडे सावली नवतपाला, म्हणजे 25 मेपासूनच्या नऊ कडक दिवसांत लागते. झाड निवडताना एवढंच विचारायचं, की 25 मेला दुपारी दोन वाजता हे पानात असतं का? साग नापास, उन्हाळ्यात तो खराट्यासारखा असतो. पिंपळ फाल्गुनात झडतो, पण मेपर्यंत भरतो. निंब चैत्रातच भरतो. करंज तर वैशाखात इतका दाट असतो की खाली बसलं की ऊन विसरतं, आणि आमच्या खारपाणपट्ट्यातल्या खारट मातीतही तो तग धरतो. चिंच, जांभूळ, रुंद जागा असेल तर वड. हौस म्हणून कोनोकार्पस लावू नका. गुजरातने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली, आणि आपल्याकडे दुभाजकात अजून लावणं चालूच आहे.

आणि रात्रीचं कुणी बोलत नाही. दिवसा 45 होतंच आमच्याकडे, आजोबांच्या वेळीही व्हायचं. पण तेव्हा गच्चीवर पाणी मारून झोपलं की पहाटे पांघरूण लागायचं. आता काँक्रीट रात्री बारापर्यंत तापलेलं असतं, कूलरही गरम हवाच फेकतो. भिंतीवर आणि रस्त्यावर दिवसा ऊन पडू न देणारी वस्तू झाडाशिवाय दुसरी सापडली तर सांगा.

---

सीमेवरचा | 9 मे, सकाळी 8.15

आमचं गाव तेलंगणाला लागून. 2021 च्या आसपास तिकडे निंब शेंड्यापासून करपले होते, ओळीनं. लोक म्हणायचे देवीचा कोप. धागाकर्त्यांच्या झाडांना तोच रोग नाही ना? म्हणजे ब्लॉक उचलून फायदा होईल का?

---

फांदीबाज | 9 मे, सकाळी 10.40

चांगला प्रश्न. तो शेंडेमर. एक बुरशी असते, आणि जोडीला काजूवर पडतो तो ढेकण्या नावाचा किडाही आढळला. त्यात कोवळे शेंडे सगळीकडून, सगळ्या अंगांना तपकिरी पडतात, पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत वाढतात. बरीच झाडं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फुटतात, म्हणून घाईनं तोडू नये. एकच अंग सुकणं, पानं लहान राहणं, आणि तेही नाली खोदल्यावर, हे मुळांचं दुखणं. तरी धागाकर्त्यांनी वरच्या फांद्यांचे फोटो टाकावेत.

---

मुद्रांक शंभरचा | 18 मे, रात्री 10.05

सगळ्यांचे आभार. फोटो @फांदीबाज यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले, शेंडेमर नाही म्हणाले.

रविवारी बाराही झाडं मोजली. शेजारच्या लेडीज टेलरची टेप आणली, ती दीड मीटरची, म्हणून दोनदा लावावी लागली. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचं असतं हे इथूनच कळलं. सर्वांत जाड क्रमांक 9, घेर 2 मीटर 61. त्याच्या सालीत एक लोखंडी पट्टी आत गेलेली सापडली, जुन्या ट्री गार्डची. कुणीतरी रोप जपायला लावलं आणि काढायला विसरलं. झाडानं पट्टी गिळून टाकली, दोन्ही बाजूंनी ओठांसारखी साल आली आहे. ती काढू नका, असं @फांदीबाज यांनी फोनवर सांगितलं.

एकाही झाडावर नोटीस नाही. फोटो काढले. अर्ज माझ्या हातचा, त्यामुळे अर्धा तास पुरे झाला. बावीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, 'अर्जदार' म्हणून स्वतःचं नाव लिहिताना पेन जरा थांबलं. तीन मागण्या केल्या: परवानगीशिवाय एकही झाड तोडू नये, बुंध्याभोवतीचे ब्लॉक उचलू द्यावेत, गणनेच्या यादीची प्रत मिळावी.

वयाचा पुरावा मात्र नाही. जन्मदाखला फक्त माणसांचा असतो.

---

किराणा दोन पिढ्या | 19 मे, सकाळी 7.05

वडिलांच्या पेटीत दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो सापडला. मागे शाईनं लिहिलंय, दसरा 1971. वडील, आजोबा, पाटीवर झेंडूचं तोरण, आणि मागे क्रमांक 8 आणि 9. तेव्हाच पाटीच्या वर गेलेले दिसतात.

दुपारी येऊन झेरॉक्स काढून घ्या. मूळ फोटो मी देणार नाही.

---

सातबारा | 19 मे, सकाळी 9.30

झेरॉक्स नको, रंगीत स्कॅन करा, मागची बाजूही. सोबत एक प्रतिज्ञापत्र लावू. हा पुरावा चालून जाईल असं वाटतं. पंचाहत्तरीतली दोन-तीन माणसं जबाब द्यायला मिळाली तर आणखी बरं.

---

वऱ्हाडी ठेचा | 19 मे, सकाळी 9.41

म्हंजे ज्यानं झाडाविरुद्ध लिवलं, त्याच्याच पेटीत झाडाचा जन्मदाखला. वा रे किरानावाले भाऊ.

---

मुद्रांक शंभरचा | 14 जून, रात्री 9.20

अपडेट. मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. ब्लॉक उचलायची लेखी परवानगी मिळाली, 'स्वखर्चाने' हा शब्द घालून. @माजी शाखा अभियंता स्वतः गाडी करून आले आणि उभं राहून चौकोन आखून दिले. त्यांचा अर्ध्या तासाचा हिशेब चुकला, एका झाडाला दीड तास लागला, कारण खाली रेतीऐवजी काँक्रीटचा पातळ थर निघाला. पहार वाकली. तीन रविवारी सात झाडं झाली. ब्लॉकखालची माती इतकी कोरडी होती की पहिलं पाणी वरच तरंगत राहिलं, बऱ्याच वेळानं आत गेलं.

क्रमांक 5 आम्ही वाचवू शकत नाही. बुंधा नालीकडे कलतोय, रस्त्याच्या बाजूला माती उचलल्याची भेग पडली आहे. तिथून शाळेची पोरं जातात. त्याची परवानगी रीतसर मागितली, नोटीस लागली. अर्ज मीच लिहिला. मी ज्याच्याखाली बसतो ते हेच.

बाकी अकरांची हरकत नोंदवून घेतली आहे. 8 आणि 9 चा वारसा म्हणून वेगळा प्रस्ताव दिलाय, निकाल यायचाय. पडलेल्या दोन जागांवर करंज आणले, पाच फुटी, तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा, अर्धी काळी माती, अर्धा मुरूम. उधई (वाळवी) लागू नये म्हणून निंबाचीच पेंड घातली.

सध्या टेबल क्रमांक 7 खाली आहे. तिथले ब्लॉक उचललेत, त्यामुळे पाय मातीत रुततात. एक पाय जास्त रुततो, लिहिताना टेबल डगमगतं.

---

फांदीबाज | 15 जून, सकाळी 6.50

पाऊस नियमित लागेपर्यंत पाणी सोडू नका. मृगात दोन सरी येऊन मग पंधरा दिवस उघाड पडते, करंज त्यातच जातात. आणि करंजांना बांधलेली सुतळी सैल ठेवा, दिवाळीत काढा. क्रमांक 9 ची पट्टी आठवा.

---

किराणा दोन पिढ्या | 15 जून, सकाळी 7.30

शनिवारचं पाणी माझ्याकडून, मागच्या बोअरला पाइप जोडून देतो. पोराला सांगितलंय.

पण बगळ्यांवर अजून कुणीच काही बोललेलं नाही, हे लक्षात ठेवा.